एर्बियमच्या काचेची १६१ टक्के कार्यक्षमता कुठून आली?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तिने टेल्युराइट, म्हणजे टेल्युरियम ऑक्साइडच्या, काचेत १ मोल टक्का एर्बियम (प्रकाश देणारी एक विरल मृत्तिका) ऑक्साइडच्या रूपात घालून ४ मिलिमीटर जाडीचा तुकडा बनवला आणि ९८० नॅनोमीटरच्या लेसर डायोडने तो उत्तेजित केला. १५३२ नॅनोमीटरला भरघोस उत्सर्जन मिळालं. अर्ध्या उंचीवरची रुंदी ९२ नॅनोमीटर आणि लाइफटाइम, म्हणजे वरच्या पातळीवर आयन सरासरी जितका वेळ थांबतो तो काळ, ५.८ मिलिसेकंद भरला. जड-ओफेल्ट गणिताने, म्हणजे शोषणाच्या वर्णपटावरून लाइफटाइम काढण्याच्या पद्धतीने, मात्र हाच काळ ३.६ मिलिसेकंद येतो. भागाकार केला की क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे वर गेलेल्या दर शंभर आयनांमागे मिळणारे फोटॉन, १६१ टक्के! तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत: हा आकडा कसा समजावून सांगायचा, एवढा रुंद वर्णपट म्हणजे ही काच फायबरमधला प्रकाश वाढवणाऱ्या नेहमीच्या सिलिका ॲम्प्लिफायरपेक्षा सरस का, आणि याच काचेत प्रॅसिओडिमियम ही दुसरी विरल मृत्तिका घालून १३०० नॅनोमीटरचं काम हाती घ्यावं का.

मी काच वितळवण्यात आणि तिचे वर्णपट घेण्यात बावीस वर्षं घालवली आहेत. त्यातली पहिली दोन-तीन अगदी याच आकड्यात अडकली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी १६१ टक्के. वर गेलेले आयन शंभर असतील, तर खाली येताना शंभरापेक्षा जास्त फोटॉन देऊ शकत नाहीत. तेव्हा दोनांपैकी एक आकडा चुकीचा आहे. जड-ओफेल्टमध्ये दहा-पंधरा टक्क्यांची चूक सहज होते, कधी त्याहून जास्तही, पण इतकी मोठी तफावत एकट्या त्याने पडत नाही. गडबड मोजलेल्या लाइफटाइममध्ये आहे. तुमचं यंत्र बिघडलेलं नाही, ५.८ हा आकडाही खरा आहे. फक्त तो एका आयनाचा लाइफटाइम नाही. तो त्या तुकड्यातून प्रकाश बाहेर पडायला लागलेला वेळ आहे.

एर्बियमचं १५३० नॅनोमीटरचं उत्सर्जन सर्वांत खालच्या पातळीवर येऊन संपतं. त्यामुळे एका आयनाने सोडलेला फोटॉन शेजारच्या, अजून खालीच बसलेल्या आयनाला अगदी सोयीचा असतो. तो त्याला गिळतो, काही मिलिसेकंद धरून ठेवतो आणि पुन्हा सोडतो. मग तिसरा गिळतो. खच्चून भरलेल्या एसटीत मागच्या प्रवाशाचे पैसे हातोहात कंडक्टरपर्यंत जातात, तसा हा प्रवास होतो. प्रत्येक हात पैसे क्षणभर धरतो आणि पोचायला उशीर होतो. याला किरण अडकणं म्हणतात. काच जितकी जाड आणि एर्बियम जितकं जास्त, तितका लाइफटाइम खोटा वाढतो.

तुमच्याच काचेचा हिशोब मांडून पाहा. झिंक आणि सोडियम असलेल्या नेहमीच्या टेल्युराइटमध्ये १ मोल टक्का एर्बियम ऑक्साइड म्हणजे दर घन सेंटीमीटरला सुमारे ४.५ × १०^२० आयन. शिखरावरचा शोषणाचा काटछेद, म्हणजे एका आयनाची प्रकाश गिळण्याची क्षमता, साधारण ८ × १०^-२१ चौरस सेंटीमीटर धरला, तर शोषण गुणांक ३.६ प्रति सेंटीमीटर येतो. म्हणजे ४ मिलिमीटर काच ओलांडताना शिखरावरचा जेमतेम चौथा हिस्सा पलीकडे पोचतो आणि तीन हिस्से वाटेतच गिळले जातात. त्यात या काचेचा अपवर्तनांक २ च्या आसपास असल्याने सीमाकोन अवघा ३० अंशांचा. एका सपाट पृष्ठभागातून जेमतेम सात टक्के प्रकाश थेट बाहेर पडतो. बाकीचा आतच उलटसुलट आपटत राहतो, आणि जितका आपटतो तितका पुन्हा गिळला जातो.

तुमच्या ९२ नॅनोमीटरचं उत्तरही इथेच आहे. गिळंकृत होतं ते मुख्यतः १५३० च्या शिखरापाशी. १६०० कडच्या उतारावर शोषण फार कमी असल्यामुळे तिथला प्रकाश बिनधास्त बाहेर येतो. शिखर खाल्लं जातं, उतार टिकतो आणि अर्ध्या उंचीची रेषा आपोआप रुंद होते. टेल्युराइटमध्ये एर्बियमची खरी रुंदी ६५ नॅनोमीटरच्या आसपास असते. ॲल्युमिनियम घातलेल्या सिलिकाच्या चाळीसेक नॅनोमीटरपेक्षा ती खरोखर जास्त आहे, हे टेल्युराइटचं न्याय्य श्रेय. त्याच्या वरचा जो भाग आहे तो काचेचा गुण नाही, जाडीचा परिणाम आहे.

हे तपासायचे रस्ते सोपे आहेत आणि त्यांना पैसाही लागत नाही. पहिला रस्ता म्हणजे एर्बियम कमी करत जाणं: ०.०५, ०.१, ०.२५, ०.५ आणि १ मोल टक्का अशी मालिका एकाच मिश्रणातून वितळवा. लाइफटाइमचा आलेख आधी चढतो, मग उतरतो. चढणारा भाग अडकण्याचा आणि उतरणारा भाग आयन एकमेकांना विझवण्याचा, म्हणून सर्वांत विरळ काचेचा आकडा खऱ्याच्या सर्वांत जवळ. दुसरा रस्ता सूक्ष्मछिद्रांचा. तुकड्यावर वेगवेगळ्या व्यासाची छिद्रं असलेले पत्रे ठेवून उत्तेजन आणि मोजणी दोन्ही त्या छिद्रातूनच करायची. व्यासासमोर लाइफटाइम मांडून रेषा शून्य व्यासापर्यंत मागे ओढली की अडकण्याशिवायचा आकडा मिळतो. तिसरा रस्ता घाईच्या दिवसाचा: काच कुटून बारीक पूड करा, ग्लिसरीनमध्ये कालवा, पातळ थर घेऊन मोजा. २ अपवर्तनांकाला ग्लिसरीन पुरतं जुळत नाही, तरी फरक डोळ्यांना दिसेल इतका पडतो. रुंदीसाठी मी आणखी एक पडताळा नेहमी घेते. शोषणाच्या वर्णपटावरून मॅककंबरच्या सूत्राने उत्सर्जनाचा आकार काढायचा आणि मोजलेल्या आकारावर ठेवून पाहायचा. मोजलेलं शिखर गणिताच्या शिखरापेक्षा बसकं दिसलं की समजायचं, प्रकाश अडकला होता.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते: तुमच्या काचेत पाणी किती आहे?

एर्बियमची पहिली उत्तेजित पातळी तळापासून सुमारे ६५०० प्रति सेंटीमीटर उंचीवर आहे (वर्णपटाच्या कामात ऊर्जा याच एककात मोजतात). तिथून खाली यायला आयनापुढे दोन वाटा असतात. एक, सगळी ऊर्जा एका फोटॉनात देऊन टाकणं. ही आपल्याला हवी असलेली वाट. दुसरी, काचेच्या जाळीला हादरे देत पायरी पायरीने उतरणं, म्हणजे ऊर्जा उष्णतेत घालवणं. पायरीची उंची काच ठरवते. बोरेट काचेत सर्वांत मोठी पायरी सुमारे १४०० प्रति सेंटीमीटर, फॉस्फेटमध्ये १२००, सिलिकात ११००, जर्मनेटमध्ये ९००, टेल्युराइटमध्ये ७००-७५०, झिर्कोनियम फ्लोराइडच्या काचेत ५८० आणि गंधकाच्या चाल्कोजेनाइड काचेत ४०० च्या आसपास. सिलिकात ६५०० उतरायला सहा पायऱ्या एकदम टाकाव्या लागतात. पायऱ्या वाढत जातात तशी ही वाट झपाट्याने, घातांकाने दुर्मीळ होत जाते. सहा पायऱ्यांवर ती जवळजवळ बंदच असते. म्हणून सिलिकासारख्या ‘खडबडीत’ काचेतही एर्बियम दहा मिलिसेकंद वर थांबतो आणि जवळपास प्रत्येक आयन प्रकाश देऊनच खाली येतो.

पण काचेत पाण्यातून आलेलं हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, असेल तर हे गणित कोसळतं. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचं कंपन ३००० ते ३६०० प्रति सेंटीमीटरचं असतं. म्हणजे एर्बियमला सहा पायऱ्यांऐवजी दोन ढांगा पुरतात! वर एर्बियमचं प्रमाण जास्त असेल तर ऊर्जा एका आयनाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत फिरते आणि कुठेतरी पाण्याच्या शेजारी बसलेला आयन गाठते. विहिरीला एकच भोक असलं तरी सगळं पाणी त्यातूनच जातं, तसं हजारो निरोगी आयनांची ऊर्जा मोजक्या ओल्या जागांमधून निसटते.

माझा स्वतःचा धडा फॉस्फेट काचेचा. हिवाळ्यात वितळवलेल्या काचेचा लाइफटाइम उत्तम आला होता. तेच मिश्रण, तीच भट्टी, तीच मूस, आणि ऑगस्टमधल्या वितळीत आकडा निम्म्याच्याही खाली. महिनाभर मी लेसर, डिटेक्टर आणि ऑप्टिक्सची जुळणी तपासत बसले. शेवटी काच अवरक्त वर्णपटमापकात ठेवली तेव्हा ३ मायक्रोमीटरपाशी एवढा मोठा खड्डा दिसला की पुढचं काही बघायची गरजच उरली नाही. फॉस्फरसचा कच्चा माल मी पावसाळी हवेत झाकण उघडं ठेवून तोलत होते. तेव्हापासून माझ्याकडे कुठलीही काच आली की आधी ३ मायक्रोमीटरचं शोषण बघायचं आणि मगच लेसर सुरू करायचा. तुम्हीही तेच करा. तुकड्याची जाडी मोजा, पट्ट्याबाहेरच्या पारगमनाला पट्ट्याच्या तळाच्या पारगमनाने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या आणि जाडीने भागा. हा आकडा १ प्रति सेंटीमीटरच्या खाली येईपर्यंत लाइफटाइमवर मी एक ओळही लिहीत नाही.

तुमच्या बाबतीत एक विचित्र शक्यता आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. अडकण्यामुळे लाइफटाइम वाढतो, पाण्यामुळे घटतो, आणि एकाच तुकड्यात दोन्ही एकाच वेळी चालू असतात. म्हणजे ५.८ हा आकडाही कदाचित आधी पाण्याने घटलेला आणि मग अडकण्याने फुगलेला असेल. त्यातून कोण किती हे जाडी आणि प्रमाण बदलल्याशिवाय कळणार नाही.

काच कोरडी करण्यासाठी टेल्युराइटमध्ये मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे झिंक ऑक्साइडचा काही भाग झिंक फ्लोराइडने बदलणं. वितळलेल्या रसात फ्लोरिन हायड्रॉक्सिलला हायड्रोजन फ्लोराइडच्या रूपात बाहेर काढतो. हा वायू विषारी आहे, धूर ओढणारं कपाट चालू असल्याशिवाय भट्टीचं दार उघडायचं नाही. मिश्रण वितळवण्याआधी काही तास दोनशे अंशांना सुकवा आणि रसावरून कोरडा ऑक्सिजन जाऊ द्या. जुन्या लेखांत कार्बन टेट्राक्लोराइडची वाफ सोडण्याची पद्धत सापडेल. त्यातून फॉस्जीन होतो, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत मी ती कधी करू दिली नाही. ऑक्सिजनचा टेल्युराइटला दुसराही फायदा आहे. रसाला ऑक्सिजन कमी पडला तर धातुरूप टेल्युरियम सुटतो, काच काळवंडते आणि प्लॅटिनमची मूस खराब होते. ॲल्युमिनाच्या मुशीत काच स्वस्तात होते, पण मूस थोडी थोडी रसात विरघळते आणि तुम्ही ठरवलेलं मिश्रण तुमच्या हातात राहत नाही. ८५० अंशांपर्यंतच जायचं असेल आणि मिळत असेल तर सोन्याची मूस उत्तम.

आता दुसरा प्रश्न. रुंद वर्णपट म्हणजे चांगला ॲम्प्लिफायर का?

थोडं मागे जाऊ. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवलं, की काच पुरेशी शुद्ध केली आणि क्षय किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली आला तर फायबरमधून दूरसंचार शक्य आहे. १९७० मध्ये कॉर्निंगच्या मौरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ती रेषा ओलांडली. १९७९ पर्यंत जपानमध्ये १५५० नॅनोमीटरला किलोमीटरला ०.२ डेसिबलचा फायबर तयार झाला होता. त्यापेक्षा फार खाली जायला जागाच नाही. लहान तरंगलांबीकडे रेलीचं विखुरणं आडवं येतं, लांबीकडे सिलिकाच्या जाळीचं शोषण. या दोन डोंगरांमधली खिंड १५५० पाशी आहे. मध्ये १३८३ ला पुन्हा पाण्याचाच एक सुळका उभा होता, आजच्या फायबरमध्ये तो जवळपास पुसला गेला आहे. तरीही ०.२ डेसिबल म्हणजे १०० किलोमीटरला प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरतो. १९८८ ची अटलांटिकखालची पहिली फायबर केबल, टॅट-८, १३०० नॅनोमीटरवर चालायची. तिच्या रिपीटरमध्ये प्रकाशाची वीज करायची, संकेत नव्याने घडवायचा आणि पुन्हा प्रकाश करायचा, अशी व्यवस्था होती.

१९८७ मध्ये साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि पाठोपाठ बेल लॅब्समध्ये इमॅन्युएल देझुर्विर यांनी एर्बियम फायबरमधून प्रकाशाचा प्रकाशच राहू देऊन तो वाढवून दाखवला. नऊ वर्षांत, १९९६ ला, टॅट-१२/१३ याच तंत्रावर अटलांटिकमध्ये टाकली गेली. आज वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्री केबलींतही हेच आहे. दर काही डझन किलोमीटरला एक रिपीटर, त्यात गुंडाळलेला काही मीटर एर्बियम फायबर, आणि त्याच्या पंप लेसरला, म्हणजे आयनांना वर चढवणाऱ्या लेसरला, किनाऱ्यावरून तांब्याच्या वाहकातून हजारो व्होल्टची वीज. हा मजकूर तुमच्यापर्यंत येताना एखाद्या एर्बियम आयनाने त्याला हात लावला असण्याची शक्यता बरीच आहे. सिलिकाची खिंड आणि एर्बियमची रेषा एकाच जागी यावी, हा निसर्गाने आपल्यावर केलेला उपकार आहे. या विषयात मी अडकून राहिले त्याचं कारण तेच.

त्या फायबरमधली काच मात्र टेल्युराइट नाही. ती ॲल्युमिनियम घातलेली सिलिका आहे, आणि एर्बियम लाखात काही दहा भाग इतकंच. सिलिकाच्या घट्ट जाळीत एर्बियमला जागा नसते, ते पुंजके करून बसतं. पुंजक्यातले दोन आयन उत्तेजित झाले की एक दुसऱ्याला आपली ऊर्जा देऊन स्वतः खाली पडतो. ॲल्युमिनियम प्रत्येक आयनाला वेगळं घर देतं. हे काम नळीच्या आत वायूंपासून काचेची काजळी बसवून, ती एर्बियम आणि ॲल्युमिनियमच्या द्रावणात भिजवून करतात. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत असा फायबर बनवण्याचं काम अनेक वर्षं झालं आहे. शक्य असेल तर एकदा जाऊन बघा. मूस आणि साच्याने काच ओतणाऱ्या आपल्यासारख्यांना तिथे शुद्धतेचा अर्थ नव्याने कळतो.

टेल्युराइट का मागे राहिली? एक तर, चमकणं आणि प्रकाश वाढवणं यांत फरक आहे. एर्बियमची ही रेषा तळपातळीवर संपत असल्याने, पंप न पोचलेला प्रत्येक आयन संकेत खातो. वाढ मिळायची तर शिखरापाशी निम्म्याच्या आसपास आयन कायम वर ठेवावे लागतात. तुमचा उत्सर्जनाचा आलेख याबद्दल काहीच बोलत नाही. निम्मे आयन वर, साठ टक्के वर, सत्तर टक्के वर असं धरून उत्सर्जन आणि शोषण दोन्हींच्या काटछेदांवरून निव्वळ वाढीचे आलेख काढा. कुठल्या तरंगलांबीला किती पंपावर वाढ सुरू होते हे त्यात दिसतं. टेल्युराइटची खरी ताकद १५६५ च्या पलीकडे, एल बँड या दूरसंचाराच्या लांब तरंगलांबीच्या पट्ट्यात आहे, हेही त्यातच दिसेल. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या एनटीटीमधल्या संशोधकांनी टेल्युराइट फायबरमधून ८० नॅनोमीटर रुंद पट्ट्यात वाढ दाखवली होती. तेव्हा तुमची दिशा पोकळ नाही.

दुसरं कारण फार कमी विद्यार्थ्यांच्या लक्षात येतं. पायऱ्या लहान असणं हे नेहमीच चांगलं नसतं. ९८० ने पंप केल्यावर आयन दुसऱ्या उत्तेजित पातळीवर जातो. तिथून त्याने हादरे देत झटकन पहिल्या पातळीवर उतरावं, अशीच आपली इच्छा असते. ही दरी सुमारे ३६०० ची. सिलिकात ती काही मायक्रोसेकंदांत पार होते. टेल्युराइटमध्ये आयन वरच शेकडो मायक्रोसेकंद रेंगाळतो आणि तेवढ्यात दुसरा पंप फोटॉन किंवा शेजारी आयन त्याला आणखी वर फेकतो. अंधारात ९८० लावल्यावर तुमची काच हिरवी चमकत असेल. मीही एके काळी त्या हिरव्या रंगाचे फोटो हौसेने काढायचे. पण ५४५ नॅनोमीटरचा तो प्रत्येक फोटॉन म्हणजे १५३० च्या कामातून पळालेली ऊर्जा आहे. यावर दोन उपाय चालतात: १४८० ने थेट पहिल्या पातळीत पंप करणं, किंवा सोबत थोडं सिरियम घालणं. सिरियमची सुमारे २२०० ची दरी यातला मोठा वाटा उचलते आणि उरलेलं काच दोन पायऱ्यांत घेते. तुमच्या पुढच्या मालिकेत मी सिरियम नक्की घालीन.

तिसरं कारण जोडणीचं. सिलिका दोन हजार अंशांच्या आसपास ओढतात, टेल्युराइट साडेतीनशेच्या जवळ मऊ पडते. दोघांना नेहमीसारखं वितळवून जोडता येत नाही, आणि अपवर्तनांकांतल्या फरकामुळे प्रत्येक सांध्यावर अडीच टक्के प्रकाश मागे फिरतो. ॲम्प्लिफायरमध्ये असं परावर्तन म्हणजे दोन आरशांमध्ये वाढ देणारं माध्यम ठेवणं, त्यातून लेसरच सुरू होतो. समुद्राच्या तळाशी पंचवीस वर्षं हात न लावता चालणाऱ्या वस्तूत अभियंता ही जोखीम घेत नाही. माझ्या मते त्यांचा हा निर्णय बरोबर आहे.

प्रॅसिओडिमियमबद्दल थोडक्यात: या काचेत नको. १३०० च्या उत्सर्जनाच्या खाली दरी सुमारे ३००० चीच आहे. ७५० च्या पायऱ्यांनी चार ढांगांत ती संपते, आणि प्रकाश देण्यासाठी आयनाला जो मिलिसेकंदांचा निवांतपणा हवा तो मिळत नाही. फ्लोराइड काचेतही त्याचा लाइफटाइम ११० मायक्रोसेकंदांच्या आसपास राहतो आणि कार्यक्षमता तीन-चार टक्के. निओडिमियम करू म्हणाल, तर त्याच्या १३०० च्या रेषेवर उत्तेजित आयनच संकेत गिळून आणखी वर जातो. ही वाट बऱ्याच जणांनी चालून बघितली आहे.

१३०० मध्ये खरंच रस असेल तर बिस्मथ वाचायला घ्या. जपानमध्ये २००१ च्या सुमाराला फुजिमोतो आणि नाकात्सुका यांनी बिस्मथ घातलेल्या सिलिकातलं रुंद अवरक्त उत्सर्जन पुढे आणलं, आणि २००५ मध्ये मॉस्कोत येवगेनी दियानोव यांच्या गटाने बिस्मथ फायबरचा लेसर चालवला. विरल मृत्तिकांचे प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांच्या आड लपलेले असतात, म्हणून एर्बियम कुठल्याही काचेत १५३० च्याच आसपास बोलतो. बिस्मथचे इलेक्ट्रॉन उघड्यावर असतात. शेजार बदलला की रंग बदलतो: ॲल्युमिनियमसोबत ११५० च्या आसपास, फॉस्फरससोबत १३००, जर्मेनियमसोबत १४३०, आणि जर्मेनियम खूप वाढवलं तर १७००. नेमका कोणत्या रूपातला बिस्मथ प्रकाश देतो यावर आजही वाद आहे. पीएच.डी.चं धाडस करायचं तर अशा जागी करावं. पण हे मुशीत ओतलेल्या काचेचं काम नाही. बिस्मथ फार थोडं लागतं, भट्टीतलं ऑक्सिजनचं प्रमाण काटेकोर सांभाळावं लागतं, आणि चांगली वाढ फायबरमध्येच दिसते. त्यामुळे फायबर बनवणाऱ्या एखाद्या गटाशी आधी बोला.

मोजणीच्या टेबलाबद्दल काही गोष्टी, कारण चुका तिथेच लपतात. ८०८ च्या डायोडने कधी उत्तेजित केलंत तर मोनोक्रोमेटरमधल्या, प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या विवर्तन जाळीच्या दुसऱ्या क्रमामुळे १६१६ ला एक अणकुचीदार शिखर उगवेल. ते एल बँडमध्येच बसतं आणि नवखा माणूस हमखास त्याला एर्बियमचं समजतो. मोनोक्रोमेटरच्या तोंडाशी ११०० च्या पुढचाच प्रकाश सोडणारा फिल्टर लावला की ते नाहीसं होतं. लेड सल्फाइडचा डिटेक्टर लाइफटाइमला वापरू नका, तो मुळातच संथ असतो. इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा वापरा, आणि त्याच्या पुढचा रोध कमी ठेवा, नाहीतर आयनाऐवजी तुमच्या सर्किटचाच काळ मोजला जाईल. लॉक-इन ॲम्प्लिफायरसोबत चॉपर, म्हणजे प्रकाश ठराविक वेगाने कापणारी चकती, फिरवताना वारंवारता १०-२० हर्ट्झ ठेवा. लाइफटाइम मिलिसेकंदांत असताना १ किलोहर्ट्झने कापलं तर आयनाला उतरायला सवडच मिळत नाही. पंप शक्य तितका मंद ठेवा. जोरात पंप केलं की ऱ्हासाची सुरुवात वेगवान होते आणि एकच घातांक बसत नाही. वर्णपट टंगस्टन-हॅलोजन दिव्याने डिटेक्टरच्या प्रतिसादासाठी दुरुस्त केल्याशिवाय रुंदीचा आकडा देऊ नका. बिस्मथकडे वळलात तर १३५० ते १४५० मध्ये खोलीतल्या हवेतल्या बाष्पाचे बारीक दात वर्णपटावर दिसतील, त्यांना काचेची रचना समजू नका.

आणि ९८० चा लेसर डोळ्यांना दिसत नाही. पापणी मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया इथे वाचवत नाही. हिरवी चमक बघायला वाकून काचेच्या रेषेत डोळा आणणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी माझा जीव खालीवर झाला आहे. त्या तरंगलांबीचा चष्मा घातल्याशिवाय डायोडचं बटण दाबू नका, आणि किरण टेबलाच्या उंचीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खालीच ठेवा.

या आकड्यांवर लेख लिहीत असाल, तर तो थांबवा, फेकू नका. ०.१ मोल टक्क्याची, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घासून पातळ केलेली एक काच आणि ४ मिलिमीटरची आत्ताची, दोन्हींचा लाइफटाइम एकाच दिवशी, एकाच जुळणीवर मोजा. पातळ काचेचा आकडा ३ ते ३.५ च्या मध्ये आला आणि ३ मायक्रोमीटरचा खड्डा उथळ निघाला, तर तुमची काच खरोखर चांगली आहे आणि कार्यक्षमता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात आहे. तो आकडा छापण्यासारखा आहे. पातळ काच दीड मिलिसेकंदावर आली, तर भट्टीकडे परत जा आणि झिंक फ्लोराइडपासून सुरुवात करा.